गुंजेचा पाला आणि एक ग्रीक शब्द

माझा आवाज डहाणू स्टेशनावरून थेट समुद्रापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. मी म्हणतो, मधे बाजार आहे म्हणून तिथेच थांबतो. नाहीतर पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं दचकून उठली असती. रिक्षाच्या टपावर भोंगा, आत मी, हातात माईक. पंचवीस वर्षं हाच धंदा. साड्यांचा सेल, सर्कस, पाणीपट्टीची शेवटची तारीख, पोलिओचे डोस, हरवलेली माणसं आणि मयताची खबर. प्रत्येकाचा सूर वेगळा. सर्कशीला पोटातून, पाणीपट्टीला नाकातून, मयताला छातीतून. एकदा घाईत सूर आणि मजकूर दोन्ही मिसळले आणि नरपडच्या एका वृद्ध बागायतदाराची अंत्ययात्रा मी 'आजचाच दिवस, संधी दवडू नका' म्हणून जाहीर केली. त्यांचा मुलगा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. गर्दी मात्र अशी झाली की स्मशानात उभं राहायला जागा नव्हती.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा असेच किस्से मागितले होते. माझ्याकडे गोणीभर आहेत. पण मला त्या कामाबद्दल लिहायचं आहे जे मी भोंगा न लावता केलं. साधारण २०१५ ते २०१८. त्या कामात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाचन केलं, आणि त्याच वाचनाने एका बाईचं घर उठलं.

झालं असं. तलासरीकडे पोलिओची दवंडी मी वारलीत देत होतो. वारली मी शिकलो ती आमच्या नरपडच्या वाडीत चिकू उतरवायला येणाऱ्या बायांकडून. त्यामुळे माझ्या वारलीत शिव्या भरपूर आणि व्याकरण बेताचं. चहाच्या टपरीवर थांबलो तर एक शांत, चष्मेवाला माणूस पुढे आला. पायात रबरी चप्पल, हातात प्लास्टिकची फाइल.

"मी लक्ष्मण. इथल्या मंडळीचा पास्टर. तुम्ही वाचक म्हणून याल का? आम्ही बायबलचा नवा करार वारलीत करतोय."

मी म्हटलं, "पास्टर, मी गणपतीवाला माणूस. माझ्या घरी पाच दिवस मोदक असतात."

"म्हणूनच पाहिजे," तो म्हणाला. "आमच्यातल्याला गोष्ट आधीच ठाऊक असते. तो चुकीचं वाचलेलंही बरोबर ऐकतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी तिथेच हो म्हटलं. टपरीवाल्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून डहाणूच्या बाजारात मला हाका येऊ लागल्या, "काय भोंगेदादा, आता हालेलुयाची रिक्षा फिरवणार का?" मी म्हणायचो, "फिरवीन. तुझ्या लग्नात फुकट वाजवीन." त्या गृहस्थाचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती आणि बायको शेजारीच उभी होती.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण मलाही आधी वाटलं होतं की एक शब्दकोश इकडे, एक तिकडे, झालं भाषांतर. तसं नसतं. लक्ष्मण पास्टर मराठी आणि हिंदी प्रती समोर ठेवून वारलीत कच्चा मसुदा करायचा. मग केरळहून सुसन मॅडम यायच्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्सचे बूट. त्यांना ग्रीक येत होतं, म्हणजे नवा करार मुळात ज्या भाषेत लिहिला गेला ती. त्या प्रत्येक शब्द मुळाशी घासून बघायच्या. आणि मग मसुदा माझ्या हातात यायचा. तो घेऊन मी पाड्यापाड्यावर जायचो, ज्यांनी हे कधीच ऐकलेलं नाही अशा माणसांना वाचून दाखवायचो आणि त्यांना काय कळलं ते वहीत उतरवायचो. वहीत रकाने होते: शब्द, प्रश्न, उत्तर, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण किंवा फुली. तलासरीत पिठाच्या गिरणीच्या शेजारच्या खोलीत आमचं ऑफिस. कॉम्प्युटरवर, ग्रीक पुस्तकांवर आणि पास्टरच्या भुवयांवर कायम पीठ.

मॅडमचा पहिला नियम: "भैया, 'समझे क्या' कभी मत पूछो."

मी पहिल्याच आठवड्यात तो मोडला. एका पाड्यावर वाचून झाल्यावर विचारलं, समजलं का? बारा माणसांनी माना डोलावल्या. त्यातला एक ठार बहिरा होता, हे मला निघताना कळलं.

दुसरा नियम: उदाहरण मागा. 'लोभ' हा शब्द कळला की नाही हे बघायचं असेल तर अर्थ विचारू नका. विचारा, तुमच्याकडे असं कोण वागतं? माणसाने चटकन शेजाऱ्याचं नाव घेतलं की समजा, शब्द पोचला. मला हा नियम फार पसंत पडला. त्यात नाटक होतं. 'उधळ्या' म्हटलं की सगळे एकाच माणसाकडे बघायचे आणि तो माणूस लाजून विडी पेटवायचा. हसाहशी व्हायची. मी वहीत खूण करायचो.

एक प्रसंग मी अजून सांगत फिरतो. येशूला भूक लागते, तो अंजिराच्या झाडापाशी जातो, फळ नसतं म्हणून झाडाला शाप देतो आणि झाड वाळतं. तिथेच लिहिलंय की तो अंजिरांचा मोसम नव्हता. हे मी नरपडला चिकूच्या वाडीत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. एक म्हातारा मजूर भाकरी तोडता तोडता थांबला. म्हणाला, "मोसम नव्हता ना? मग झाडाचा काय गुन्हा?"

मी पास्टरकडे बघितलं, पास्टरने आभाळाकडे. संध्याकाळी मॅडमना सांगितलं तर त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "बिल्कुल सही! अनुवाद पास!" या धंद्यात असंच असतं. समोरच्याने अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला की भाषांतर उत्तम झालं म्हणायचं. उत्तर देणं आमच्याकडे नव्हतं.

आता त्या शब्दाकडे येतो.

नव्या करारात पौलाने, येशूच्या एका प्रचारकाने, गलतीकरांना लिहिलेलं पत्र आहे. (गलती या नावावर आमच्या ऑफिसात जेवढे विनोद झाले तेवढे मीच केले.) त्यात माणसाच्या वाईट कर्मांची यादी येते. भांडण, मत्सर, दारूबाजी अशी. त्यात एक शब्द आहे, फार्माकेया. मराठीत तिथे चेटूक म्हणतात.

सुसन मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "यह शब्द मुश्किल है." मग त्यांनी समजावलं. मुळात फार्माकोन म्हणजे पाला, मुळी, काढा. बरं करणाराही आणि मारणाराही. औषधालाही तोच शब्द, विषालाही तोच. त्यातून फार्माकेया, म्हणजे असा पाला वापरून, मंत्र घालून कोणावर काही करणं. "आपके मेडिकल स्टोर के बोर्ड पर जो फार्मा लिखा है ना, वही."

मी टाळी वाजवली. "म्हणजे गुंज!"

गुंजेचा वेल आमच्याकडे कुंपणाकुंपणावर असतो. पाला गोड. घसा बसला की गवई, कीर्तनकार, माझ्यासारखे भोंगेवाले तो चघळतात. आणि त्याच वेलाची लाल-काळी बी इतकी विषारी की फोडून चावली तर माणूस जातो. एकाच वेलावर दोन्ही. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. केरळातही गुंज असते म्हणाल्या. मी दिवसभर मान ताठ ठेवून फिरलो. ग्रीक भाषेला नरपडच्या कुंपणावर आणून बांधलं होतं ना!

पण वारलीत शब्द कुठला घालायचा? पास्टरने आधीच लिहिलेला होता. भुताळी करते ते. भुताळी म्हणजे जी बाई नजरेने, मंत्राने, खाण्यातून दुसऱ्याचं पोर, बैल, पीक खाते असं लोक मानतात ती. पास्टर म्हणाला, "हा शब्द लहान पोरालाही कळतो."

मॅडमनी मसुद्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "इसमें औरत है," त्या म्हणाल्या. "ग्रीक में औरत नहीं है. काम है, आदमी-औरत नहीं."

पास्टरला ते थोडं पटलं असावं. तो दुसरे शब्द सुचवू लागला. आणि तिथे मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "मॅडम, मी वाचणारा माणूस आहे. बाकीचे शब्द तोंडात भाजी-भाकरीसारखे आहेत. या शब्दावर श्रोता श्वास रोखील. एकदा वाचून तर बघू."

मॅडमनी खांदे उडवले. "ठीक है. टेस्ट करो."

श्रोता श्वास रोखील. माझंच वाक्य. मी ते माझ्या नावावर घेतो, पास्टरच्या नाही.

रानशेतच्या पुढे, डोंगराकडच्या बाजूला एक पाडा आहे. नाव लिहीत नाही. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. मी आदल्या दिवशी डहाणूत एका दुकानाच्या उद्घाटनाला दिवसभर ओरडलो होतो आणि घसा पार बसला होता. काकड्या नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर वाचन ठरलं होतं. काकड्या चाळिशीचा, हाडकुळा, कमी बोलणारा. मी बोलायला तोंड उघडलं तर आतून बेडूक ओरडावा तसा आवाज आला. बायका हसल्या.

"भोंगा फुटला जनू," एक म्हणाली.

पाड्यावरचं बोलणं मी इथे मराठीकडे वळवून देतोय. वारलीतला खरा ठसका त्यात नाही, माफी असावी.

तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी उठली. काळी, लहानशी, केस पांढरे, नेसूचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. कुंपणापर्यंत गेली, वेलाची डहाळी ओरबाडली, पाला हातावर चोळून साफ केला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"चाव. थुंकू नको, गीळ."

"काय आहे, आजी?"

"तुला वळखत नाय? बाजारात एवढा वरडतस नि गुंज नाय ठावं?"

पुन्हा हशा. मी पाला चावला. गोड रस उतरला. कोणीतरी म्हणालं, ही लाडकी डोसी, झाडपाल्याची माहीतगार. डोसी म्हणजे म्हातारी. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन उंबरगावकडे दिलेली. पाड्याच्या टोकाला एकटीची झोपडी. अर्ध्या तासात माझा आवाज परत आला. मी तिला नाटकी नमस्कार केला. ती तोंडावर पदर घेऊन हसली.

आणि त्या आवाजात मी वाचलं. खोटं सांगत नाही, त्या दिवशीसारखं मी कधी वाचलं नाही. भांडण, मत्सर, दारू. माणसं माना हलवत होती. मग तो शब्द आला. मी आधी थांबलो, नाटकात थांबतात तसा. मग आवाज खाली आणून म्हटला. खळ्यावर कोंबडीही हलली नाही.

वाचून झाल्यावर मी वही उघडली. दारूबद्दल विचारलं, तिघांची नावं आली, हशा झाला. मग मी विचारलं, "आणि ते भुताळीचं काम? तुमच्याकडे असं कोण करतं?"

या वेळी नाव आलं नाही. मी वाट बघितली. मला वाटलं, शब्द नापास होतोय. पुन्हा विचारलं. दोनदा विचारलं.

काकड्या जमिनीकडे बघत म्हणाला, "लाडकी डोसी."

मला काय झालं ते सांगतो. मला आनंद झाला. शब्द पोचला होता. मी रकान्यात लिहिलं, उत्तर: लाडकी डोसी, आणि पुढे बरोबरची खूण केली. मग लक्षात आलं की ती तिथेच बसली आहे. मी हसून म्हटलं, "काय आजी, बघा तुमचं नाव!" ती हसली नाही. इतर बायका तिच्यापासून थोड्या सरकून बसल्या होत्या. किती, तर एक हात. ते मला तेव्हाही दिसलं होतं. मी पुढचा शब्द विचारला.

त्या श्रावणात काकड्याची सहा वर्षांची मुलगी तापात गेली होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझ्या रकान्यांत ते कुठे बसत नव्हतं.

तीन-चार आठवड्यांनी डहाणूच्या रिक्षा स्टँडवर एक म्हातारा मला शोधत आला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. म्हणाला, "मी शिडवा. त्या पाड्याचा भगत."

भगत म्हणजे देवाचा जाणता. सुपात तांदळाचे दाणे टाकून आजाराचं कारण बघतो. मला वाटलं, आला भांडायला, धर्म बाटवता म्हणून. मी छाती पुढे काढली. तो माझ्या रिक्षाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "भोंगेदादा, मी चाळीस वर्षं दाणे बघतो. लोक विचारतात, कोणी केलं? मी सांगतो, उगवतीकडनं नजर आली. मावळतीकडनं आली. एक कोंबडी द्या, निघून जाईल. दिशा सांगायची. दार दाखवायचं नाय. माझ्या बापानं शिकवलं. आणि तुम्ही तर नावच लिहून घेतलंत."

"अहो, ते फक्त आमच्या कामासाठी..."

"ते तुम्हाला ठावं. पाड्यात म्हणतात, शहरातला माणूस मोठ्या पुस्तकातनं वाचत होता, वाचता वाचता भुताळी आली, आणि लगेच त्यानं लाडकीचं नाव काढलं. कागदात हाय म्हणतात. माझ्याकडं आता कोणी दाणे बघायला सुद्धा येत नाय. बघायचं राहिलं काय?"

मी विचारलं, "तिला काय केलंय?"

"अजून काय नाय. विहिरीवर ती आली की बाकीच्या हंडा घेऊन घरी जातात. काकड्या रोज कोयता घासतो. काम नसताना घासतो."

मी, लक्ष्मण पास्टर आणि तिकडचे पोलीस पाटील असे दुसऱ्याच दिवशी गेलो. पोलीस पाटलांनी कायदा सांगितला, कोणी अंगाला हात लावला तर आत जाल. ते बरोबरच होतं. पण मला वाटलं, कायद्याने हात थांबतील, मन फिरवायला मी पाहिजे. गावच्या गाव मी सर्कशीला नेलंय, एक पाडा काय!

खळ्यावर तीच माणसं. लाडकी तिच्या झोपडीच्या दारात उभी होती, तीस पावलांवर. मी वही काढली आणि सगळ्यांसमोर धरली. म्हटलं, बघा, यात काही नाही, फक्त माझ्या कामाचं आहे. बचत गटाची हिशेबवाली बाई पुढे आली; पाड्यात तिला वाचता येत होतं. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "शब्द, भुताळी. उत्तर, लाडकी डोसी." मग बोट पुढे सरकलं. "आणि इथं बरोबरची खूण हाय."

"ती खूण शब्दाला आहे, बाई! लाडकीला नाही!"

"पण नावाफुडं हाय."

मी पेन काढून नाव खोडलं. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "आता खोडलं. भिऊन खोडलं."

मग मी माझं ग्रीक काढलं.

मी उभा राहिलो आणि माझ्या सगळ्या सुरांनिशी सांगितलं की मूळ पुस्तकात भुताळी नाहीच. मूळ शब्द दुसराच आहे, परक्या देशाचा आहे. त्याचा अर्थ पाला. औषध. आणि तेच विषही. "आपल्या गुंजेसारखं! त्याच वेलाचा पाला गोड, त्याच वेलाची बी विष! मूळ शब्द म्हणजे गुंज! त्यात भुताळीचा काय संबंध?"

मी थांबलो. श्वास रोखले गेले होते. मला वाटलं, जिंकलो.

काकड्या उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "माझी पोर खोकत होती. डोसीनं तिला गुंजच दिली होती."

पास्टरने माझा दंड धरला. मी काहीतरी बोलत होतो. पाला आणि बी वेगळी, पाल्याने कोणी मरत नाही, ताप वेगळा असेल, दवाखान्यात नेलं होतं का. सगळं खरं होतं. कोणी ऐकत नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कुठल्या तरी परक्या भाषेत वापरलेला शब्द मी तिथे उलगडून दाखवला होता, आणि तो बरोब्बर लाडकीच्या अंगाला बसला होता. आधी तिच्यावर नुसता संशय होता. आता तिने ते कसं केलं तेही मी सांगितलं होतं.

शिडवा भगत खाली बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता.

तीस पावलांवर ती उभी होती. मी तिच्याकडे गेलो नाही. पोलीस पाटील गेले, पास्टर गेला. मी रिक्षात जाऊन बसलो. घसा ठणठणीत होता.

कोणी तिला हात लावला नाही. तेवढं कायद्याने राखलं. कोणी तिच्याकडून विस्तव नेला नाही, कोणी लावणीला बोलावलं नाही, पोरं तिच्या कुंपणाजवळ गेली की आया ओरडून परत आणत. पास्टर दर रविवारी प्रार्थनेनंतर तिच्याकडे जाऊन बसायचा. मग लोक म्हणायला लागले, बघा, पुस्तकवालेच येतात तिच्याकडे. त्याने जाणं बंद केलं. कशाने बरं होईल आणि कशाने वाईट, हेच कळेनासं झालं होतं. उन्हाळ्यात एके दिवशी ती बाजारातून परतली तर झोपडीच्या दारात बोराटीच्या काट्या रचलेल्या, कमरेइतक्या. आतली दोन मडकी फुटलेली. तिने काट्या उपसल्या नाहीत. तशीच वळली आणि मुलीकडे उंबरगावला गेली. हे शिडवाने मला सांगितलं. पावसात झोपडी बसली.

सुसन मॅडम पुढच्या फेरीला आल्या तेव्हा आम्ही त्यांना सगळं सांगितलं. गिरणी चालू होती. मग त्यांनी मसुद्यातला तो शब्द खोडला आणि पास्टरला म्हणाल्या, काम लिखो, आदमी मत लिखो. पास्टरने आठ दिवस घेतले. आता छापील वारलीत तिथे जे आहे त्याचा मराठी अर्थ असा: कोणाचं वाईट व्हावं म्हणून केलेलं मंत्र-औषध. एका ग्रीक शब्दाला एवढं लांबण. मी म्हटलं, वाचायला जड जातं, मॅडम. सवयच. त्या म्हणाल्या, "जड़ ही रहने दो. लंबा वाक्य किसी के घर तक जल्दी नहीं पहुँचता."

आणि नियम बदलला. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं गेलं, 'कोण' विचारायचं नाही. 'काय' विचारा, 'कधी' विचारा, 'कसं' विचारा. मला कळलंय की दुसऱ्या भाषांची कामं करणाऱ्यांनाही मॅडम आता हे शिकवतात. पाड्याचं नाव न सांगता. माझंही.

२०१८ मध्ये आवाजी प्रत करायची ठरली. सगळी पत्रं माझ्या आवाजात. रेकॉर्डिंगवाला मुंबईचा होता, त्याने खोलीला गाद्या लावल्या, गिरणी बंद ठेवायला लावली. गलतीकरांच्या पत्राला माझा घसा बसला. तीन दिवस गोळ्या खाल्ल्या, गरम पाणी प्यायलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, सर, टेन्शन घेऊ नका. चौथ्या दिवशी मी रिक्षा काढली आणि उंबरगावचा रस्ता धरला. घसा हे निमित्त होतं की कारण, मला सांगता येणार नाही. दीड वर्ष मी तिकडे जायचं टाळत होतो.

मुलीचं घर बंदराच्या बाजूला. लाडकी अंगणात मासळीची टोपली निवडत होती. हे काम तिचं नव्हतं, बोटं अडखळत होती. तिने मला ओळखलं.

"भोंगा परत फुटला?"

मी मान हलवली. माफी मागायला शब्द पाठ करून आलो होतो. रस्त्यात मोठ्याने म्हणून बघितले होते. त्यातला एकही बाहेर निघेना. आवाजच नव्हता.

ती उठली, हात धुतले. कुंपणावर इथेही गुंज होती. डहाळी तोडली, पाला हातावर चोळला, आणि माझ्या हातात देण्याआधी बरोबर अर्धा केला. एक अर्धा स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला. मग माझ्यासमोर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी. वर, खाली, दोन्ही बाजूंनी.

"आता असंच देते," म्हणाली. "मुलीच्या पोरांना पण."

मग उरलेला अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.